ओरिनच्या मापाची गोळी

शनिवारी सकाळी साडेआठ वाजता रेनाने वडिलांचं रिव्हॉल्व्हर कपाटातून काढलं, तेव्हा तिला कसलीच भीती वाटत नव्हती. वाईट वाटत होतं, पण वडील जाऊन झालेल्या नऊ दिवसांत त्याची थोडी सवय झाली होती.

हे ठरलं होतं दफनाच्या दिवशी. मंडळी घरी जेवायला आली होती. चीज घालून भाजलेल्या बटाट्यांची ताटली मांडीवर घेऊन ओरिन टिबेट्स तिच्या शेजारी येऊन बसला. तिचे वडील एल्डन प्रूएट आणि तो, दोघांची पन्नास वर्षांची मैत्री. ओरिनने एक घासही खाल्ला नव्हता.

"पुढच्या शनिवारी दहा वाजता," तो म्हणाला, "मी माझ्या कुरणातून पाच गोळ्या झाडणार. त्याच्या हातच्या. तू इथून झाड, त्याच्या रिव्हॉल्व्हरमधून. मध्ये चाळीस मैल आहेत, ऐकू काही येणार नाही. पण ठाऊक असेल."

"झाडेन, ओरिनकाका."

"पाचच हं. चक्रीतलं सहावं घर रिकामं ठेवायचं. बापाने शिकवलंय ना? का बॉइझी शहरात जाऊन मास्तरीण झाल्यावर सगळं विसरलीस?"

ती विसरली नव्हती. गॅरेजमागच्या खोलीत तिचं लहानपण गेलं होतं. तिथे एल्डन शिसं वितळवून गोळ्या ओतायचा, आणि खोऱ्यातले सगळे म्हातारे आपापली जुनी रिव्हॉल्व्हरं घेऊन त्याच्याकडे यायचे. गोळी मागणाऱ्याला तो आधी म्हणायचा, "बंदूक ठेवून जा." मग त्या बंदुकीच्या चक्रीतल्या सहाही घरांच्या तोंडांतून तो मऊ शिशाचा एकेक तुकडा लाकडी दांडीने दाबून काढायचा आणि मायक्रोमीटरने मोजायचा. दुकानातून आलेली गोळी सगळ्यांना सारखी. एल्डनची गोळी ज्याची त्याला. "नळीचं माप काय कुणीही घेईल," तो म्हणायचा. "पण गोळी नळीत शिरायच्या आधी घराच्या तोंडातून जाते. तिथे ती सैल असली, की आग तिच्या कडेने पुढे पळते, शिसं वितळवते आणि नळी माखून टाकते. अंगठ्याने ढकलली की जायला हवी, आणि नुसती सोडली तर पडायला नको. एवढंच. बाकी सगळ्या गप्पा."

ओरिनच्या रिव्हॉल्व्हरचं तोंड मोठं होतं. ते त्याच्या आजोबांचं, शंभर वर्षांपेक्षा जुनं. घरांच्या भिंती कागदासारख्या पातळ. त्याला एल्डन मऊ शिशाची, जरा जाड गोळी द्यायचा, आणि काडतुसाच्या पुंगळीत बंदुकीची दारू अगदी थोडी. एल्डनचं स्वतःचं रिव्हॉल्व्हर नव्या घडणीचं, ऐरणीसारखं जड. डोंगरात अस्वल अंगावर आलं तर असावं म्हणून घेतलेलं. त्याची गोळी कडक शिशाची, केसभर बारीक, आणि पुंगळी दारूने तोंडापर्यंत भरलेली. मात्र काडतूस दोन्हींचं एकच, पंचेचाळीस कॅलिबरचं. साचाही एल्डन एकच वापरायचा, ओतलेली गोळी मग दाबून ज्याच्या त्याच्या मापाला आणायचा. तयार झाल्यावर दोन्ही काडतुसं जुळ्या भावांसारखी दिसायची. फरक कळायचा तो डब्याच्या झाकणावर चिकटवलेल्या चिठ्ठीवरून. त्यावर एल्डनच्या तिरक्या अक्षरात नाव असायचं: ओरिन. किंवा: मी.

रेनाने "मी" लिहिलेला डबा उघडला. पन्नास खाचा, पन्नास काडतुसं. तिने पाच काढून तळहातावर घेतली. हात जरा हलला, आणि तिला आवाज आला.

अगदी बारीक आवाज होता. कागदाच्या पुडीत साखर हलावी तसा.

तिने एक काडतूस कानाशी नेऊन हलवलं. सळसळलं. दुसरं हलवलं. तेही सळसळलं. पाचही.

ती सहा-सात वर्षांची असताना एल्डनने तिला हा खेळ दाखवला होता. दोन मुठीत दोन काडतुसं. "ओळख, माझं कुठलं?" आणि ती कान लावून ओळखायची, कारण डॅडचं काडतूस गच्च भरलेलं, गप्प, ओरिनकाकाचं अर्धं रिकामं, कुजबुजणारं.

रेना खुर्चीवर बसली नाही. बसली असती तर उठवलं नसतं. भिंतीवरची प्लॅस्टिकची हातोडी तिने काढली. तिच्या पोकळ डोक्यात काडतूस अडकवून जमिनीवर आपटलं, की गोळी पुंगळीतून सुटते. तिसऱ्या ठोक्याला सुटली. तिने सगळं कागदावर ओतलं. दारूची चिमूटभर ढिगली. तिच्याशेजारी गोळी, मेणाने माखलेली, करडी.

मग तिने वडिलांच्या रिव्हॉल्व्हरची चक्री काढून हातात घेतली आणि ती गोळी एका घराच्या तोंडावर ठेवली. अंगठ्याने दाबली. गोळी जागची हलली नाही. तिने दुसऱ्या घरावर ठेवली. दाबून दाबून अंगठ्याच्या पेरावर गोळीच्या टोकाचा गोल वळ उठला. आत गेली नाही. दोनशे वेळा दाबली असती तरी गेली नसती. ती ओरिनच्या मापाची होती.

म्हणजे ओरिनच्या घरी होत्या त्या त्याच्या नव्हत्या; त्या एल्डनच्या होत्या, दारूने गच्च भरलेल्या.

तिने घड्याळ बघितलं. नऊ वाजायला वीस मिनिटं.

ओरिनच्या घरी भिंतीवरचा जुना फोन. त्या दरीत मोबाइल चालत नाही. घंटा वाजत राहिली. सोळा, सतरा, अठरा. त्याची बायको लरू बहिणीकडे गेलेली, हे रेनाला ठाऊक होतं. ओरिन सकाळी आत असतोच कुठे? गुरांना गवत टाकत असेल. तिने पुन्हा लावला. शेरिफच्या कचेरीत लावला. तिथल्या बाईने सांगितलं की त्या बाजूला गाडी नाही, निघाली तरी सव्वा तास लागेल. रेना म्हणाली, "मीच लवकर पोचेन," आणि फोन ठेवला.

निघताना तिने कोट घेतला नाही. नोव्हेंबरची सकाळ होती. हे तिला दहा मैलांवर, हात गारठून स्टिअरिंगला चिकटल्यासारखे झाले तेव्हा कळलं.

गाडी चालवताना माणूस विचार करत नाही असं म्हणतात. ते खोटं आहे. नदीकाठच्या डांबरी रस्त्यावर रेना दुसरं काहीच करत नव्हती. डॅडचं चुकलं का? शेवटचे दोन महिने ती रजा घेऊन घरी होती; त्याचे हात थरथरायचे. शर्टाची बटणं तीच लावून द्यायची. एकदा त्याने तिला तिच्या आईच्या नावाने हाक मारली होती. पण त्या खोलीत गेला की हात थांबायचे. तिने स्वतः पाहिलं होतं. दारू मोजताना तो रेडिओ बंद करायचा, तिला बाहेर काढायचा. पन्नास पुंगळ्या भरल्या की विजेरी घेऊन प्रत्येकीत डोकावायचा. एकदा नाही, दोनदा. असा माणूस चुकेल?

आणि चुकला असेल, तर दफनाच्या दिवशी ओरिनबरोबर आणखी सहा जण आपापल्या नावाचे डबे घेऊन गेले होते. सात घरी सात डबे.

दरीच्या तोंडाशी डांबर संपलं, मातीचा रस्ता लागला, आणि तिथे तिला ते आठवलं. इतकं लख्ख आठवलं की तिचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

दफनाच्या आदल्या संध्याकाळी तिने ती खोली आवरली होती. जेवण झालं की पुरुषमंडळी मागे जाणार, हे ठरलेलंच; एल्डनच्या बाकाजवळ उभं राहिल्याशिवाय त्यांना तो गेल्यासारखं वाटलं नसतं. म्हणून तिने केर काढला, बाकावरची धूळ पुसली. बाकावर दोन डबे उघडे होते. दोन्हींची झाकणं बाजूला, एकावर एक. डबा बंद करायचा तर शेवटची तपासणी झाल्यावर, हा त्याचा नियम होता. ती व्हायच्या आधीच त्याला रुग्णालयात न्यावं लागलं होतं. तिने फडक्याने झाकणं पुसली आणि डब्यांवर बसवली.

कुठलं कुठल्या डब्यावर, हा प्रश्न तिच्या मनाला शिवलाही नव्हता. झाकणं होती. डबे होते.

दुसऱ्या दिवशी तिनेच चिठ्ठी वाचून डबा ओरिनच्या हातात दिला होता. "घ्या काका, तुमचा." आणि त्याने तो कोटाच्या आत, छातीशी धरून नेला होता.

"आवरायला कुणी सांगितलं होतं तुला," ती मोठ्याने म्हणाली आणि पुन्हा वेग दिला.

सहा मैलांवर रस्ता गाईंनी भरला होता. वरच्या कुरणांवरून थंडीसाठी खाली आणायला काढलेल्या, दोन-तीनशे. रस्ता कडेपासून कडेपर्यंत काळा. मागच्या बाजूला घोड्यावर कॅल रोमायन, ओरिनचा शेजारी, गळ्याला लाल रुमाल बांधून ऐटीत बसला होता. रेनाने खिडकी खाली केली.

"कॅल! मला जाऊ दे पुढे!"

"सुप्रभात म्हणतात आधी," कॅल घोडा जवळ आणत म्हणाला. "शहरात पद्धत बदलली असेल. हळू घाल गाडी, माझ्या गाई पोटुशा आहेत, तुझ्यासारख्या सडपातळ नाहीत."

"कॅल, ओरिनकाकाकडे जायचंय. आत्ता."

तिचा चेहरा बघून त्याचं हसू मावळलं. "झालंय काय?"

"त्याने झाडल्या का? बार ऐकलास?"

"ऐकला ना. वीसेक मिनिटं झाली. म्हातारा म्हणत होता दहा वाजता, मी म्हटलं घाई झाली वाटतं." त्याने रुमाल खाली ओढला. "एकच ऐकला. मोठा होता. पाच म्हणाला होता ना तो? मी केव्हाचा कान लावून बसलोय, बाकीचे चार कुठे गेले म्हणून."

काय दिसलं असेल तिच्या तोंडावर कोण जाणे. कॅलने शीळ घातली, घोडा वळवला आणि आरडाओरडा करत कळपात घुसला. त्याचे दोन्ही कुत्रे धावले. गाई एकमेकींवर रेलत, तक्रार करत बाजूला सरल्या. मधल्या चिंचोळ्या वाटेने रेनाची गाडी माणसाच्या चालीने पुढे निघाली. दोन्ही खिडक्यांना ओली नाकं घासत होती. तिला ओरडावंसं वाटत होतं. एकच बार. एक झाडला आणि मग चार झाडले नाहीत. माणूस मध्येच का थांबतो? बंदूक अडली म्हणून. हात गेला म्हणून. डोळा गेला म्हणून. किंवा थांबायला कुणी उरलं नाही म्हणून.

गाई संपल्या.

ओरिनच्या फाटकाला कडी नव्हती. घराचं दार उघडं. पायरीखाली त्याची म्हातारी कुत्री अंग चोरून बसली होती. रेनाला बघून शेपूट हलवायचं सोडून आणखी आत सरकली.

"ओरिनकाका!"

स्वयंपाकघरात स्टोव्हवर कॉफी आटून करपली होती. रेनाने बटण बंद केलं. बटण बंद करताना तिला बेसिन दिसलं. पांढऱ्या बेसिनमध्ये पाण्याने फिकट झालेलं रक्त, आणि कडेला चार बोटांचा ठसा. हातपुसण्याचा टॉवेल जागेवर नव्हता. जमिनीवर थेंब, मागच्या दाराकडे जाणारे.

चार बोटांचा. म्हणजे चार बोटं होती. एवढा विचार करून ती थेंबांच्या मागे निघाली.

शेडच्या मागे नेमबाजीची फळी होती. फळीवर चष्मा, त्याच्या एका काचेला तडा. समोर खांबावर कॉफीचा डबा तसाच, न लागलेला. रिव्हॉल्व्हर नव्हतं. ओरिनही नव्हता.

"काका! अहो, ओरिनकाका!"

वारा गवतातून गेला. तिला वाटलं, आता कुंपणापलीकडे बघायचं आणि जे असेल ते बघायचं. दुसरं कुणी नाही बघायला. तिने पावलं टाकली. तेव्हा तिला फावड्याचा आवाज आला.

कुंपणाच्या कोपऱ्यात ओरिन उभा होता, पाठमोरा. उजवा हात टॉवेलात गुंडाळून पोटाशी धरलेला. डाव्या हाताने आणि पायाने तो फावडं मातीत रेटत होता. जमीन थिजलेली, खड्डा वीतभरही झाला नव्हता. खड्ड्याशेजारी डबा होता. झाकणावर एल्डनचं अक्षर.

तिने हाक मारली. तो वळला नाही. जवळ जाऊन खांद्याला हात लावला तेव्हा तो असा दचकला की फावडं पडलं.

"कोण? रेना? तू इथे कशाला आलीस?" तो ओरडूनच बोलत होता. "काही ऐकू येत नाही मला. थंडीने कान धरलेत!"

"हाताला काय झालं?"

"काय?"

"हात!" तिने बोट दाखवलं.

"हा? तार लागली. कुंपणाची. म्हातारपणी डोळे कुठे जागेवर असतात." त्याच्या गालावर, डोळ्याखाली, बारीक काळे ठिपके होते. भाजलेले. त्याने हळूच पाय पुढे केला आणि बुटाने डबा स्वतःच्या मागे सरकवला. "जा तू घरी. दहा वाजता झाडायच्यात ना? मी माझ्या आधीच झाडल्या, धीर धरवला नाही. छान गेल्या. पाचही. त्याच्या हाताला तोड नव्हती बघ."

रेना त्याच्याकडे बघत राहिली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, रक्ताने भिजलेला टॉवेल पोटाशी धरून, थिजलेल्या जमिनीत एका हाताने खड्डा खणत होता, कशासाठी ते तिला समजलं. त्याला वाटलं होतं एल्डन चुकला. शेवटी शेवटी त्याचा हात गेला आणि त्याने मित्राच्या नावाच्या डब्यात भलतीच दारू भरली. आणि हे खोऱ्यात कुणाला कळू नये, म्हणून तो ते पुरत होता.

त्या क्षणी तिला दुसरी भीती वाटली. पहिलीहून बारीक आणि थंड. आपण काहीच बोललो नाही तर? तार लागली म्हणतो, तर तार लागली. हात बरा होईल. डॅड आता कुणाला जाब द्यायला नाही. आणि झाकणं कुणी बसवली हे या जगात फक्त एका माणसाला ठाऊक आहे.

"काका," ती म्हणाली, "चूक डॅडची नाही."

"काय?"

"चूक डॅडची नाही!"

"ऐकू येत नाही, पोरी!"

म्हणून तिला ते ओरडून सांगावं लागलं. मोकळ्या कुरणात, दोन्ही हात तोंडाभोवती धरून, एकेक शब्द तोडून. "झाकणं! मी बदलली! खोली आवरताना! तुमचं झाकण, त्यांच्या डब्यावर! मी! डॅडने नाही!" पलीकडे डोंगरावर तिचा आवाज आपटून परत आला. शाळेत तिने कधी कुठल्या मुलाला एवढ्या मोठ्याने चूक कबूल करायला लावली नव्हती.

ओरिनचे डोळे तिच्या ओठांवर होते. "झाकणं?"

तिने मान हलवली.

"दोन झाकणं?"

"दोनच. बाकीचे डबे त्यांनी स्वतः बंद करून फळीवर ठेवले होते."

हे त्याने ऐकलं की ओठांवरून वाचलं, कळलं नाही. तो खाली बसला. काही वेळ त्याचे खांदे हलत होते आणि रेनाला वाटलं, दुखतंय. मग दिसलं की तो रडतोय, आणि मध्येच हसतोयही.

"अर्धा तास," तो म्हणाला. "अर्धा तास मी त्या माणसाला शिव्या घालतोय. मेलेल्या माणसाला. म्हटलं, गाढवा, हात चालत नव्हता तर सांगायचं होतंस, मी भरून दिल्या असत्या तुला. आणि ते सहा जण. त्यांना सांगावं तर त्याचं नाव गेलं. कोण ठेवेल त्याची गोळी घरात? न सांगावं तर उद्या कुणाचा तरी डोळा जायचा. आधी हा डबा पुरू, मग बघू, म्हटलं." त्याने चांगल्या हाताने नाक पुसलं. "तू आवरलंस. बाईमाणसाला बाक आवरू देऊ नये म्हणायचा एल्डन. तुझ्या आईलाही कधी हात लावू दिला नाही त्याने."

"मला माफ करा, काका."

"काय?"

"माफ करा!"

"हां, ते बघू. तुझ्यावर चिडायला वेळ आहे. आधी ती बंदूक." त्याचा आवाज बदलला. "चक्री फिरत नाही. आत चार भरलेल्या आहेत."

रिव्हॉल्व्हर शेडमध्ये होतं, वाळूच्या बादलीत नळी खाली करून रोवलेलं. रेनाने ते दोन हातांनी उचललं. झाडलेल्या घराची बाहेरची भिंत फुगून सांगाड्याच्या वरच्या पट्टीला टेकली होती, आणि फुगवट्यावर केसाएवढी चीर गेली होती. त्या चिरेतून निघालेल्या आगीने ओरिनचा हात फाडला होता. बोटभर मागे असती तर तोंडावर आली असती. चारपैकी दुसरी एखादी उडाली असती तर चक्रीचे तुकडे झाले असते, आणि त्या अजून आत होत्या, गप्प, गच्च भरलेल्या. हे तिने स्वतः झाकण लावून दिलेलं होतं.

"मी सांगतो तसं कर," ओरिन म्हणाला. "घाई करू नको. नळी त्या मातीच्या ढिगाकडे. तुझं तोंड पुढे आणू नको. बंदुकीच्या घोड्याला हात लावायचा नाही. पुढची कळ दाब आणि चक्री जिच्यावर फिरते ती आस बाहेर ओढ."

आस अर्धा इंच आली आणि अडली. तिने ओढली. हाताला घाम, बोटं घसरायला लागली. ओरिनने डाव्या हाताने गळ्यातला रुमाल सोडवून तिच्याकडे फेकला. रुमालाने धरून, पिळून पिळून तिने ती आस तसूतसूने बाहेर काढली. बाहेर पडली तेव्हा शेडमध्ये दोघांचाही श्वास ऐकू आला.

"आता लाकडी हातोडी. बाजूने. हळू. अंडं फोडायचं नाही, अंड्याला जागं करायचंय."

"काका, उडेल का?"

त्याला ऐकू आलं नाही. तिने पुन्हा विचारलं नाही. पहिला ठोका तिने इतका हलका दिला की काहीच झालं नाही. दुसरा जरा जोरात. प्रत्येक ठोक्याला तिचे डोळे आपोआप मिटत होते आणि ओरिन म्हणत होता, "डोळे उघडे. डोळे उघडे ठेव." सहाव्या ठोक्याला चक्री एका बाजूने सुटली. तिने ती तळहातावर झेलली. कोमट वाटली, का तिचे हात थंड होते.

चक्री उलटी केल्यावर तीन काडतुसं एकामागून एक शेडमधल्या फळीवर पसरलेल्या घोंगडीवर पडली. चौथं पडेना. त्याचं घर फुगलेल्या घराच्या शेजारचं. मधली भिंत आत दबली होती. रेनाने लाकडी दांडी घेतली, गोळीच्या चपट्या टोकावर टेकवली आणि अंगठ्याने दाबायला लागली. ठोकायचं नाही, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. ती दाबत राहिली. अंगठा पांढरा पडला. ओरिन पलीकडे उभा राहून डाव्या हाताने फळी घट्ट धरून होता. काडतूस हललं, थांबलं, पुन्हा हललं आणि निघालं.

ती खाली बसली. आता बसता येत होतं.

"चला," थोड्या वेळाने ती उठून ओरडली. "डॉक्टरकडे!"

"जाऊ. डॉक्टरला सांगू तार लागली."

"नाही. मी झाकणं बदलली असं सांगायचं."

"अगं, मला ठाऊक झालं ना? पुरे आहे. कॅलच्या बायकोला कळलं तर रविवारपर्यंत दोन्ही खोऱ्यांत होईल. आयुष्यभर तुला तेच ऐकवतील. ती बघा, झाकणवाली."

"एकच बार झाला हे कॅलने ऐकलंय, काका. बाकीचं लोक आपापल्या मनाने ठरवतील. डॅडवरच ठरवतील."

किती ऐकू आलं कोण जाणे. त्याने तिच्याकडे बघितलं, मग चक्रीतल्या चिरेकडे.

तिने त्याला धरून स्वयंपाकघरात आणलं, खुर्चीत बसवलं, हात उशीवर उंच ठेवला. जखम पाहिली. अंगठ्याच्या बेचक्यात खोल फाटली होती, पण अंगठा हलत होता. टॉवेल बदलून तिने घट्ट बांधला. मग ती भिंतीवरच्या फोनकडे गेली.

"आत्ता?" ओरिन म्हणाला. "आधी मला ने की."

"एकच करते. त्या सहांपैकी एक जण आज शिकारीला निघतील, वाटेत भलतं काही ऐकायच्या आधी त्यांना सांगते. बाकीचे पाच रुग्णालयातून."

लरूच्या वहीत नंबर होता. रेनाने फिरवला. बोलायचं काय ते तिने मनात जुळवलं होतं, तरी घंटा वाजायला लागल्यावर त्यातलं पहिलंच वाक्य निसटलं. तुमच्याकडचा डबा ठीक आहे, एवढं आठवत होतं. त्यांचा हात शेवटपर्यंत ठीक होता, हेही. त्याच्या आधी जे सांगायचं होतं ते जिभेवर येत नव्हतं.

पलीकडे फोन उचलला गेला.

"हॅलो?" एक खरखरीत आवाज म्हणाला. "कोण आहे?"

"मी रेना," ती म्हणाली. "एल्डनची मुलगी." आणि तिने एकदा ओरिनकडे बघून सांगायला सुरुवात केली.